वेग

टेपरेकॉर्डर उघडला तेव्हा
आतला पट्टा विरघळून त्याचं डांबर झालं होतं.
अख्खी दुपार स्पिरिटच्या बोळ्याने पुसत बसले,
नखांतलं काळं अजून गेलेलं नाही.

नवा पट्टा मासेरूहून आला, टॅक्सीवाल्याच्या खिशातून,
पुडीत बांधलेला, लहान मुलीच्या बांगडीएवढा.
बाबांनी तो बोटात धरून ताणून पाहिला.
म्हणाले, एवढ्यावर फिरत होतो होय आम्ही?

सत्तावीस कॅसेट्स. चारांना बुरशी.
एकीवर निळ्या शाईत: वेल्कम, खाणीचं हॉस्टेल, रविवार, १९८३.
खाली रांत्शोची सही, जणू रविवार त्याच्या मालकीचा.

मोखोत्लाँगचा जुलै. दाराबाहेर बर्फ,
आत रॉकेलचा हीटर, मक्याच्या पापाचं भांडं त्यावर,
आणि पोराच्या शाळेसाठी घेतलेला संगणक,
ज्याला आज शाळा नाही.

या कामात घाई चालत नाही.
पंचेचाळीस मिनिटांची बाजू पंचेचाळीस मिनिटंच घेते.
पत्र तिरकं वाचता येतं, फोटो झटकन उलटता येतो,
इथे मात्र बसावं लागतं,
पाहुण्यासमोर बसतात तसं.

आधी नुसती खरखर.
मग कुणीतरी खोकलं, पत्र्याची ताटली पडली, हसू,
आणि एकदम अकॉर्डियन,
मागोमाग रांत्शोचा ढोल: टायरच्या ट्यूबचं कातडं,
कडेने ठोकलेली बाटल्यांची बुचं, छन्न छन्न.
पडद्यावरची रेघ कणसासारखी भरत गेली.

बंद कर, बाबा म्हणाले.
हे पळतंय. आम्ही इतकं जोरात कधीच वाजवलं नाही.
तुझा पट्टा आखूड आहे.

संगणकात त्याचीही सोय असते.
दोन टक्के हळू. चार. सहा.
आठावर बाबांनी मान डोलावली: हां, हे आम्ही.
पण रांत्शोचा आवाज जड झाला होता,
पोट सुटलेल्या, जेवून आडव्या झालेल्या माणसाचा.
मी रांत्शोला पाहिलेलं नाही.
एवढंच माहीत आहे की तिशी त्याने गाठली नाही.

पलंगाखालून अकॉर्डियन ओढून काढलं.
तेच, त्या रविवारचं.
रबर सैल पडतं, कान सैल पडतो,
आतल्या पोलादी पट्ट्या सहसा पडत नाहीत.
एकच स्वर धरा, म्हटलं.
ड्रिलने गोठवलेली बोटं धावत नाहीत आता,
पण धरून ठेवायला एक बोट पुरतं.
भात्यातून आधी धूळ आली, मग स्वर.

टेपचा आणि बाबांचा स्वर
एकमेकांना खेटून कण्हले.
मी मागे सरकत गेले. सहा. चार.
दोनवर दोघांमध्ये एक माशी गुणगुणत राहिली.
शून्यावर
ती माशी बसली.

पट्टा बरोबर होता.

बाबांनी बोट उचललं नाही बराच वेळ.
भाता संपला तेव्हा आपोआप थांबले.
टेप चालूच होती, छन्न छन्न,
चोवीस वर्षांचा एक माणूस त्यांच्या बोटांनी
डोंगर उतरत होता, दगड न बघता.

मग म्हणाले, रांत्शोच पळायचा,
मी आपला त्याला गाठत असे.
आणि जरा वेळाने:
नऊला दिवे जायचे. सोमवारी पहाटे तीनला पिंजऱ्यात.
अंधाराच्या आत सगळी गाणी संपवायची असत.

मी आठ टक्केवाली प्रत पुसायला घेतली.
असू दे ती, म्हणाले.
ती मला वाजवता येईल.